बोलणाऱ्या माशांच्या गावातले जेवण

ज्या जगात मासे माणसांसारखे बोलतात, शाळेत जातात आणि संध्याकाळी घरी परतून जेवायला बसतात, त्या जगात त्यांच्या ताटात काय असते? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. प्रश्न पोरकट वाटेल. मलाही तो आधी तसाच वाटला होता; पण त्यापायी आमच्या घरातल्या जेवणाची घडी हिवाळाभर विस्कटून गेली, म्हणून तो नीट मांडणे भाग आहे.

मी परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. आता निवृत्त आहे. लालबागला जिथे आमची चाळ होती, तिथेच उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत मुलगा, सून आणि तिसरीतली नात यांच्यासह राहते. आमचे मूळ कोकणातले, त्यामुळे घरात मासळी लागतेच. त्या पावसाळ्यात नातीला तापाचे दुखणे झाले आणि ती फार वाळली. डॉक्टरांनी मासे आणि अंडी देत जा, असे सांगितले होते. सून वरळीला कचेरीत जाते. मुलीला जेवू घालण्याचे काम माझे. बाकी कशालाही नाक मुरडणारी ही मुलगी बांगड्याच्या तिखल्याबरोबर मात्र पुन्हा भात मागून घेई. तिच्या अंगावर थोडे मांस चढावे, एवढीच त्या दिवसांत घराची इच्छा होती.

दिवाळीच्या सुटीत आम्ही तिला दादरला एक अॅनिमेशनपट दाखवायला नेले. समुद्राच्या तळाशी वसलेले गाव, त्यात मासळ्यांची कुटुंबे. पहिल्याच प्रसंगात एका मत्स्यमातेने स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि नळातून पाणी पडले. पाण्यात. मी खुर्चीत सावरून बसले. जिने आयुष्याची कितीतरी वर्षे चाळीतल्या नळाच्या वेळेवर बेतली, तिला समुद्राच्या तळाशी नळ दिसल्यावर गप्प बसणे अवघड जाते. पुढे खिडकीबाहेर दोरीवर कपडे वाळत घातलेले दिसले. मी नातीच्या कानाशी वाकून विचारले की, हे कपडे वाळणार कसे. सुनेने माझ्या हातावर हळूच हात ठेवला. त्या स्पर्शाचा अर्थ मला कळतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कल्पनेला माझा विरोध नाही. भूमितीत आपण एखादे गृहीतक मान्य करतो आणि तिथून पायरी पायरीने पुढे जातो. मासा बोलतो, हे मी तिकीट काढतानाच मान्य केले होते. मात्र एकदा मान्य केलेले गृहीतक पुढच्या पायरीवर सोयीप्रमाणे बदलायचे नसते. या चित्रपटात माशाच्या एकेका खवल्यावर पडणारा उजेड वेगळा रंगवला होता. एवढे कष्ट घेणाऱ्या इतक्या माणसांपैकी एकालाही, त्या मत्स्यपित्याच्या डब्यात जे गोल, तपकिरी, वड्यासारखे काही होते ते कशाचे, असे विचारावेसे वाटले नाही, याची मला चीड आली. समुद्रात बेसन येते कुठून?

पुढच्या शुक्रवारी मी बांगडे आणले. नातीने ताटाकडे पाहिले आणि ते पुढे सरकवले.

"मी नाही खाणार. हा बोलतो."

मी तिला समजावले की, बांगडा बोलत नाही, त्याला स्वरयंत्र नसते, फुप्फुसे नसतात. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि आमटी-भात मागितला. त्यातला अर्धा तसाच राहिला. मग पापलेट गेले, सुरमई गेली. सुनेच्या कपाळावरची आठी दिवसेंदिवस गडद होत गेली.

एक वाट मात्र उघडी राहिली होती. त्या चित्रपटात एका घरी कोळंबी पाळलेली होती. तिच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी. मत्स्यकुमार तिला फिरायला नेई. ही कोळंबी बोलत नसे, नुसती शेपूट हलवी. म्हणून नातीच्या हिशेबात कोळंबी खाण्याजोगी होती. सुनेने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला बजावले, "आई, कोळंबी तर कोळंबी. आता यात काही काढू नका." मी मान डोलावली. आठवड्यात दोनदा कोळंबी शिजू लागली आणि मुलगी जेवू लागली.

काही दिवसांनी एका रविवारी दुपारी तोच चित्रपट घरच्या टीव्हीवर लागला. मी शेजारी बसून लसूण सोलत होते. पट्टा बांधलेली कोळंबी पडद्यावर आली आणि मला राहवले नाही. एकाच पाण्यात राहणाऱ्या दोन जीवांपैकी एक शाळेत जातो आणि दुसऱ्याच्या गळ्यात दोरी, हे कोणी ठरवले? मी नातीला विचारले की, कोळंबी का बोलत नाही.

"ती पाळलेली आहे ना."

"पण तिलाही तोंड आहे, डोळे आहेत, मेंदूही आहे. मग तिला वेगळा नियम का?"

माझा हेतू सरळ होता. या जगाचा पायाच कच्चा आहे, हे एकदा तिला पटले की सगळे जगच कोसळेल आणि बांगडा ताटात परत येईल. नात पुन्हा पडद्यावरच्या कोळंबीकडे पाहू लागली. रात्री कोळंबीची वाटी पुढे येताच ती म्हणाली, "आजी म्हणते, सगळ्यांना एकच नियम पाहिजे." आणि तिने वाटी बाजूला ठेवली.

तर्कदृष्ट्या तिचे काहीच चुकले नव्हते. विसंगती दूर करण्याचे दोन मार्ग असतात. मी एक धरला होता, तिने दुसरा धरला.

सुनेने वाटी उचलून ओट्यावर ठेवली. मुलगा बोलला. "आई, तू तिला बांगडा खायला लावणार होतीस ना? आता कोळंबीपण गेली. उद्या भाजीचा विषय काढू नकोस, हात जोडतो." मासळी बाजारातल्या आमच्या नेहमीच्या कोळणीने, मी टोपलीपुढून नुसती जाते आहे हे पाहून, हाक मारली, "काय गो बाई, घरात सगली माळकरी झाली काय?" मी हसले, पण घरी येताना पिशवीतली मेथी मला फार हलकी वाटत होती. माझा राग नातीवर नव्हता. ज्यांनी एका जिवाला जीभ दिली आणि दुसऱ्याला पट्टा, त्यांच्यावर होता. आणि त्यांना कुठे गाठावे, हेच मला कळत नव्हते.

त्या रात्री मुलाला ज्याची भीती होती तेच घडले. ताटातली मेथीची भाजी बोटाने चाचपत नातीने विचारले, "आजी, सिनेमातलं ते शेवाळ गाणं म्हणत होतं ना?"

सुनेचा हात भाताच्या डावासह थांबला. मुलगा माझ्याकडे पाहत होता. नाही म्हणाले असते तर काम भागले असते. पण शेवाळ गाणे म्हणत होते. संपूर्ण कडवे म्हणत होते, मी स्वतः ऐकले होते.

"म्हणत होतं," मी म्हणाले. "पण का, ते त्यांनी ठरवलेलंच नाही. जिथे गंमत हवी होती तिथे तोंड काढलं, नको तिथे पुसलं."

"म्हणजे त्यांचा नियमच नाही?"

"नाही."

"मग मी करू?"

मी परवानगी दिली. सुनेने डाव पातेल्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने नियम सांगितला: जे आपल्या पिल्लांना सांभाळतात, त्यांना खायचे नाही. बाकीचे चालतील. मला तो नियम आवडला की नाही, हा प्रश्न गौण आहे. तो तपासता येण्यासारखा होता. मग आम्ही दोघी कामाला लागलो. शाळेतली जुनी पुस्तके माळ्यावरून काढली, काही माहिती मोबाइलवर वाचली. बांगडा अंडी पाण्यात सोडतो आणि निघून जातो. मागे वळून पाहत नाही. पापलेटचे तसेच. आपल्या बाजारात येणारी कोळंबीही अंडी पाण्यातच सोडून देते. चिंबोरीची, म्हणजे खेकड्याची, मादी मात्र अंडी पोटाखाली धरून हिंडते. बाजारात कोळणीने एक चिंबोरी उताणी करून नातीला ती अंडी दाखवली. चिंबोरी बाद झाली. मेथीबद्दल नातीने स्वतःच निर्णय दिला की, मेथीला पिल्ले नसतात.

पुढच्या शुक्रवारी बांगडा ताटात आला. तिने पहिला घास घेण्याआधी विचारले की, याच्या आईने याला ओळखले असते का. मी खरे ते सांगितले की, नसते ओळखले. ती जेवली आणि तिने पुन्हा भात मागितला.

पण कोंबडी अंड्यांवर बसते, पिल्लांना पंखांखाली घेते. त्यामुळे अंडी बंद झाली, ती आजतागायत बंद आहेत. डॉक्टरांना काय सांगायचे, असे सून मला विचारते, आणि अंड्याची पोळी करताना मुलाला स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे लागते. माझी चिडचिडही संपलेली नाही. तिसरीतल्या मुलीने एका दिवसात केलेला नियम चुकीचा असेल, पण तो सगळ्यांना सारखा लागू होतो आणि त्याची किंमत ती स्वतः मोजते. एवढे साधे काम मोठ्या माणसांच्या एका अख्ख्या ताफ्याला का जमू नये? मुले हे सगळे नुसते पाहून सोडून देतात, असे आपण धरून चालतो. ती ते घेऊन जेवायला बसतात.

आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: त्या ताटात काय असते हे कोणालाच माहीत नाही, कारण ते कोणी ठरवलेलेच नाही. मी एकच चित्रपट नीट पाहिला आहे. एका उदाहरणावरून नियम बांधू नये, हे मीच वर्गात शिकवत आले. म्हणून विनंती आहे की, तुमच्या घरी असा एखादा चित्रपट लागेल तेव्हा मुलांच्या शेजारी बसा, त्यात कोण बोलते, कोण बोलत नाही आणि जेवणात काय वाढले जाते ते पाहा, आणि माझे म्हणणे बरोबर आहे का, ते तुम्हीच तपासून घ्या.