नेम चुकवणारा सुभेदार

विनोदी नटांबद्दल माझं मत कधीच फारसं चांगलं नव्हतं आणि या माणसाबद्दल तर मुळीच नव्हतं. आयुष्यभर त्याने लोकांना पोट धरून हसवलं म्हणतात. मला त्याने एकदाही हसवल्याचं आठवत नाही. धोतर सुटणं, शेणात पाय पडणं, बायको समजून सासूचा हात धरणं, यापलीकडे त्याची मजल कधी गेली नाही. म्हातारपणी त्याने जाहीर केलं की आता एकच शेवटचा चित्रपट करणार. हे जाहीर करायचीही त्याला सवयच होती. आधीचाही शेवटचाच होता.

हा शेवटचा म्हणजे जुन्या खलनायकी चित्रपटांची टिंगल. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, त्यात हे खलनायक असत. टकला माणूस, गुहेत राहणारा, मांडीवर पांढरं मांजर, शेजारी मगरींचा हौद. नायक समोर खांबाला बांधलेला असायचा आणि हा त्याला मारायचं सोडून आपला सगळा बेत सांगत बसायचा. मग एकसारखे काळे कपडे घातलेले त्याचे हस्तक गोळ्यांचा पाऊस पाडायचे आणि नायकाच्या केसालाही धक्का लागायचा नाही. असल्या चित्रपटांची टिंगल करायला अक्कल लागत नाही. ते स्वतःची टिंगल स्वतःच करून मोकळे झालेले असतात. या महाशयांनी काय केलं, तर स्वतःच खलनायक झाले आणि मांजराच्या जागी रेडकू घेतलं. झाला विनोद.

हे कुठल्या तरी दुसऱ्या गावात घडलं असतं तर मी त्यावर शाईचा थेंबही वाया घालवला नसता. पण ते आमच्या गावात घडलं, पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला. खलनायकाची गुहा म्हणून त्यांनी सोसायटीचं खताचं गोदाम घेतलं. भिंतींना पुठ्ठ्याचे दगड चिकटवले, लाल दिवे लावले. युरियाचा वास मात्र गेला नाही, त्यामुळे तो सगळा पाताळातला दरबार शिंकत शिंकत चालला होता, असं वहिनी सांगायची. मी सांगलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते, त्यामुळे शूटिंगचे दिवस मला फोनवरच भोगावे लागले.

हस्तकांच्या कामाला त्यांना दणकट, मिशीवाली माणसं हवी होती. आमच्या गावात घरटी एक फौजेतला पेन्शनर आहे. ही मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून, रांग लावून गोदामासमोर उभी राहिली. त्यात माझे वडीलही होते. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, गाव सुभेदार म्हणतं. रोज पहाटे शाळेच्या मैदानावर ते भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पळवतात. त्यांच्या शिट्टीला अख्खी आळी जागी होते. या माणसाला मी आयुष्यात मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं. तो माणूस रेडकू मांडीवर घेतलेल्या टकल्याचा हस्तक व्हायला रांगेत उभा राहतो, हे ऐकून मला वाटलं वहिनी थट्टा करतेय.

पुढची गंमत तर आमच्याच गावात घडू शकते. हस्तकांनी नेम चुकवायचा होता, तोच तर विनोद. आणि या मंडळींना तेच जमेना. हातात नकली बंदूक, समोर बांधलेला नट, दिग्दर्शक ओरडतोय की बाजूला धरा, आणि बंदुकीच्या नळ्या नटाच्या छातीवरून हलायला तयार नाहीत. एक माजी हवालदार तर भडकलाच. "सरकारची पेन्शन खातो मी, नेम चुकवायला न्हाई," असं म्हणून त्याने बंदूक खाली ठेवली आणि घरी गेला. त्याला मागच्या ओळीत उभं केलं होतं, हे खरं कारण, पण ते सांगायला तोंड लागतं. बाकीचे एकेक करून ढेपाळले. शेवटी त्या म्हाताऱ्या नटाने आण्णांना बाजूला घेतलं, त्यांच्याशी बराच वेळ काही बोलला, आणि आण्णा हस्तकांचे म्होरके झाले.

चित्रपट मी सांगलीत पाहिला, नवऱ्यासोबत. मध्यंतराला निम्मी माणसं उठून गेली. उरलेली निम्मी खुर्च्या हलवत हसत होती आणि त्यात माझा नवराही होता. तो हसला की त्याचं पोट पुढच्या रांगेपर्यंत पोचतं. मग तो प्रसंग आला. आण्णा काळ्या कपड्यांत, मिशा चढवलेल्या, नायकापासून हातभर अंतरावर. बंदूक उचलतात, दोन्ही डोळे घट्ट मिटतात आणि झाडत सुटतात. रांजण फुटतो, दिवा फुटतो, कोंबडी उडते, रेडकू पळतं, खलनायकाच्या टकलावरची टोपी उडते. नायक जांभई देतो. शेवटी बंदुकीच्या धक्क्याने आण्णा मागे कोलमडून मगरींच्या हौदात पडतात. थिएटर कोसळलं. नवऱ्याचं पोट एकदम थांबलं, कारण त्याने माझ्याकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर तो फक्त एकदा "कॅमेरा चांगला होता" म्हणाला.

शहरातले समीक्षक दोन्हीकडून बरळले. कुणाला त्यात अख्ख्या जमान्यावरचं भाष्य दिसलं, कुणाला म्हातारचळ. मी दुसऱ्या पक्षात होते, पण त्या पक्षातलेही मला आवडले नाहीत, कारण त्यांना आण्णांचा प्रसंग तेवढा चांगला वाटला होता. तो तुकडा कापून लोकांनी फोनवर फिरवला. माझ्या वर्गातल्या पोरांकडे तो होता. आमच्या दूधवाल्याकडे होता. तो सुभेदार माझा बाप आहे हे त्यांना माहीत नव्हतं, एवढीच देवाची कृपा.

गावाला मात्र माहीत होतं. गाव उभं फाटलं. ज्यांच्या अंगणात शूटिंग झालं त्यांनी नटाबरोबरचे फोटो चौकटीत लावले आणि आपण कलेचे आश्रयदाते असल्यासारखे हिंडू लागले. बाकीच्यांना अचानक सैनिकांचा अपमान आठवला. त्यांचा पुढारी अर्थात तो मागच्या ओळीतला हवालदार. गावाच्या ग्रुपवर रात्रंदिवस शिव्यांचा रतीब सुरू झाला. जे कधी गावच्या शाळेच्या गळक्या छपराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, ते आता फौजेच्या इभ्रतीसाठी प्राण द्यायला तयार झाले.

आणि मग वहिनीचा फोन आला.

"आवं ताई, मैदानावर पोरं चेष्टा करत्यात. आण्णांनी शिट्टी मारली की डोळं मिटून पळत्यात. काल एक जण मुद्दाम खड्ड्यात पडला. समदी खिदळली."

"आण्णा काय म्हणाले?"

"काय न्हाई. परत शिट्टी मारली."

मला रडू आलं, आणि मला रडू आणणाऱ्या त्या टकल्याचा मला इतका राग आला की तो समोर असता तर मी खरोखरच त्याला हौदात ढकलला असता. आयुष्यभर ताठ उभा राहिलेला माणूस. आमच्या आईच्या प्रेतासमोरही जो वाकला नाही. त्याला या विदूषकाने गोड बोलून उताणा पाडला, साऱ्या महाराष्ट्रासमोर. हवालदाराने रविवारी गावात निषेध सभा ठेवली होती आणि त्याचं म्हणणं होतं की तिथे आण्णांनी स्वतः उठून सांगावं, मला फसवून घेतलं. म्हणजे सगळं निस्तरेल, पोरं गप बसतील, सुभेदार परत सुभेदार होतील. हवालदार मला कवडीमोल वाटायचा, पण हे त्याचं मला पटलं. आण्णा त्याला हो-नाही काहीच म्हणत नव्हते. मी त्यांना वळवायचं ठरवलं आणि रविवारी नवऱ्याला घेऊन निघाले.

कराडजवळ मलकापूरला हायवेवर चहाला थांबलो तर टपरीवरचे सगळे फोनमध्ये डोकं घालून बसलेले. तो नट पहाटे गेला होता. टपरीवाला हळहळत होता, "लय हसवलं रं गड्या त्यानं." माझा नवरा डोळे पुसायला लागला. मी त्याला म्हटलं, चहा निवतोय.

गावात पोचेपर्यंत आमच्या मंडळींनी कमाल केलेली होती. मांडव तोच. खुर्च्या त्याच. मागचा फलकही तोच, फक्त 'निषेध' या शब्दावर कागद चिकटवून त्यावर 'शोक' लिहिलं होतं. कागद खालून सुटला होता आणि शोकाखालून निषेध अर्धा डोकावत होता. नटाच्या फोटोला हार. आणि फोटोशेजारी, डोळ्यांना रुमाल लावून, यजमान म्हणून उभा कोण? तोच हवालदार. कालपर्यंत त्याने या माणसाला जोड्याने मारायची भाषा केली होती. आज त्याने माइक घेतला आणि या महान कलावंताने आपल्याला जवळ बोलावून कसा अभिनय शिकवला ते सांगितलं. लोकांनी मान डोलावली. काल शिव्या घालणारे आज एकेक आठवण काढून नाक ओढत होते. एवढ्या झपाट्याने तर सरडाही रंग बदलत नाही. मी बायकांच्या बाजूला बसले होते आणि मला उठून जावंसं वाटत होतं.

आण्णा पहिल्या रांगेत बसले होते, पांढऱ्या टोपीत, पाठ ताठ. मैदानावरची पोरं मांडवाच्या कडेला घोळक्याने उभी होती, कोपरांनी एकमेकांना ढोसत. हवालदाराने पुकारलं, "आता आपले सुभेदार दोन शब्द सांगतील. त्यांची त्या साहेबांशी लय दोस्ती हुती."

मी मनात म्हटलं, आण्णा, उठू नका. आता फसवलं असंही म्हणायची सोय राहिली नाही, आणि या लोकांच्या रडारडीत तुम्ही आपला आवाज मिसळू नका. पण आण्णा उठले. उठताक्षणीच कडेच्या पोरांतून फस्सकन हसू आलं. आण्णांनी माइक हातात घेतला, तोंडापासून लांब धरला, जवळ घेतला.

"मला त्यो मानूस म्हनला, सुभेदार, नेम चुकवा. म्या म्हनलं, न्हाई जमायचं. सवय न्हाई. तर त्यो म्हनला, आवं, कवा तरी चुकवून बघा. बरं वाटंल."

पोरं परत हसली. आता हौदात पडायचं सांगतील अशी त्यांची अपेक्षा असावी.

"म्या डोळं मिटलं न् चुकवला. दुसऱ्या एका शॉटात माझ्या गोळीनं चार पोरं पडायची हुती. पडली. आन् शॉट संपला की चारी पोरं उठली. कापडं झटकली. माझ्याजवळ आली न् म्हनली, आण्णा, चला चा प्याला."

माइक खरखरत होता.

"माझ्या नोकरीत कुनी उठलं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी माइक हवालदाराच्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसले. एका टोकाला कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि लगेच बंद केली. हवालदाराने घाईघाईने दोन मिनिटं शांतता जाहीर केली. पोरं हात मागे बांधून उभी राहिली. या दोन मिनिटांत मी आठवत राहिले की आण्णा सुट्टीवर आले की आम्ही त्यांना विचारायचो, किती मारले हो आण्णा, आणि ते उठून गोठ्यात जायचे. आम्ही बहीणभाऊ मग आपसात आकडे ठरवायचो आणि शाळेत फुशारकीने सांगायचो.

संध्याकाळी घरी ओट्यावर आण्णा आणि मी बसलो होतो. नवरा आत वहिनीला चित्रपटाची गोष्ट सांगत होता, तिने तो पाहिलेला असूनही. चित्रपटाबद्दलचं माझं मत बदललेलं नव्हतं. तो भिकारच आहे. त्यातला रेडकाचा विनोद तर लाजिरवाणा आहे. शेवटी आण्णाच बोलले, समोर रस्त्याकडे बघत.

"तू बघितलास न्हवं पिक्चर? सांगलीत?"

"बघितला."

"मग कुनीच सांगंना. ही समदी नुस्ती भांडत्यात. माझं काम कसं झालंय?"

इतक्या दिवसांत हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला थिएटरातलं ते हसू आठवलं, मिटलेले डोळे आठवले.

"लय भारी चुकवलात, आण्णा," मी म्हणाले.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना.

"पयल्या बारीला नळी जरा त्या बांधल्याल्या पोराच्या छातीकडं वळली हुती," ते म्हणाले. "त्यांना कुनालाच दिसलं न्हाई, ते म्हनत हुते झ्याक झालं. म्याच म्हनलं, न्हाई, परत घ्या."