हबीबच्या दारात या

माईक हातात आला की लोक ‘हॅलो, हॅलो’ करतात. हबीबभाई तसलं काही करत नसत. ते पिकअपच्या हौद्यात चढत, केबिनला खेटून बसवलेल्या इन्व्हर्टरवर तळहात टेकवत आणि क्षणभर गप्प उभे राहत. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई हात ठेवते, तसे. मी एकदा म्हटलंही, "काय हो, ताप किती आहे?" तर म्हणाले, "टेलर, तू तुह्यं कापड पाह्य. हा बोलत नाई, म्हनून हातानं इचारा लागते."

अमडापुरात माझं शिलाईचं दुकान आणि त्यांचं लाऊडस्पीकरचं, भिंतीला भिंत. लग्न असो, उरूस असो, सप्ता असो, आवाज हबीबभाईंचाच. भरदार गळा, आणि बोलणं असं की भांडायला आलेला माणूस चहा पिऊन परत जावा.

बीटी कपाशी नवी नवी आली, तेव्हा बियाण्याच्या एका कंपनीने त्यांना प्रचाराचं काम दिलं. गावोगाव पडद्यावर फिल्म दाखवायची. पडदा मीच शिवला, मांजरपाटाचा, काळ्या काठाचा. पण भारनियमन असं की लाईट कधी येईल ते लाईनमनलाही ठाऊक नसे. जनरेटर लावावा तर त्याच्या धडधडीत फिल्ममधला साहेब नुसते ओठ हलवी. म्हणून हबीबभाईंनी हौद्यातच इन्व्हर्टर बसवायचं ठरवलं.

ते काम लग्नघरासारखं चाललं. फळीखाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं, कारण आमच्या रस्त्यांवर माणसाची हाडं जागेवर राहत नाहीत, बॅटरी काय राहणार! बॅटऱ्या पट्टीने आवळल्या आणि इन्व्हर्टर त्यांच्या अगदी शेजारी ठेवला. "वायर लांबवली का करंट रस्त्यातच सांडते." फ्यूजही बॅटरीच्या टोकाजवळच. मी विचारलं, इतक्या जवळ कशाला? "उशाशीच पाह्यजे. लेकरू इहिरीत पडल्यावर काठाले जाळी लावून काय उपेग?" आणि मी पडद्याची घडी चुकून इन्व्हर्टरच्या पंख्यावर ठेवली, तेव्हा अंगावरच आले, "त्याचं नाक काऊन दाबतं बे!"

पहिला खेळ उंद्रीला झाला. फिल्ममधला साहेब पुस्तकी मराठीत बोंडअळी समजावत होता आणि मंडळी तंबाखू मळत होती. मागचे तर उठून चाललेही. हबीबभाईंना राहवेना. त्यांनी फिल्म थांबवली, माईक ओढला आणि म्हणाले, "बाप्पाहो, त्या सायबाचं सोडा, माह्यं ऐका. या बोंडाले अळी लागली, तं हबीबच्या दारात या!"

असा हशा पिकला की गेलेले लोक परत आले. हे वाक्य कंपनीने दिलेलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं, टाळी घ्यायच्या हौसेपायी निघालेलं. पुढे प्रत्येक गावात तेच. पार सोनाळ्यापर्यंत पोरं गाडीमागे ओरडत पळायची, "हबीबच्या दारात या!"

सुरुवातीला कापूस खरंच झकास आला. घरांवर स्लॅब पडले. लोक हबीबभाईंना रस्त्यात अडवून चहा पाजत. मग बऱ्याच वर्षांनी गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत किडा आणि कापसाची सडलेली कवडी. वेचणीला बाया मिळेनात. लोकांनी उभ्या कपाशीत गुरं सोडली.

त्या दिवसांत हबीबभाई दुकान बंद ठेवून घराच्या ओट्यावर बसू लागले. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. विचारलं, तर म्हणाले, "वाट पाहून राह्यलो."

"कोणाची?"

"म्या दारात या म्हनलं होतं. कोनीच आलं नाई, टेलर. शिव्या द्याले बी नाई."

मी समजूत घातली. म्हटलं, कंपनीचं काम होतं, तुम्ही केलंत. "कंपनीनं दारात या म्हनलं नव्हतं, ते म्या म्हनलं. वायरले फ्यूज लावला, तोंडाले लावाचा राह्यला."

मग एक दिवस त्यांनी पडून असलेली पिकअप बाहेर काढली. नव्या बॅटऱ्या आणल्या, गंजलेली टोकं घासली, उंदरांनी कुरतडलेली वायर बदलली. पाना सारखा निसटत होता, पण मला हात लावू देईनात. "माफी मांगाची तं आवाज शेवटल्या मानसापर्यंत गेला पाह्यजे," एवढंच म्हणाले. त्यांना एकट्याने जाऊ द्यायला माझं मन धजेना. मी शेजारी बसलो.

उंद्रीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. ग्रामपंचायतीसमोर गाडी लावली. हबीबभाई आले म्हटल्यावर पाहता पाहता गाव गोळा झालं. ते हौद्यात उभे राहिले.

"बाप्पाहो, म्या तुमाले खोटी हमी देली. मले शेतीतलं काई समजत नाई. टाळ्या भेटल्या, म्हनून बोलत गेलो. माह्या शब्दावर ज्यानं पेरलं, त्यानं मले माफ करा."

आता एखादा दगड येतो की काय, या भीतीने मी गाडीला चिकटून उभा होतो.

पुढेच बसलेली एक म्हातारी पदर खोचत उठली. "जाऊ द्या हबीबभाऊ, झालं ते झालं. तुमी का अळी सोडली? पन औंदा बियान्याची कोनती थैली घ्याव, तेवढं सांगा. दुसऱ्या कोनावर भरोसा नाई आमचा."

"हाव, सांगा, सांगा," मागून गलका झाला.

हबीबभाईंचा तो चेहरा मला त्यांच्या जनाज्याच्या दिवशीही दिसत होता. शिव्या खाल्ल्या असत्या तर ते सुखाने घरी आले असते. या भरवशासाठी त्यांची तयारीच नव्हती. आपला आणखी एक शब्दही त्या भोंग्यातून जायला नको, असं त्यांना वाटलं असावं. खाली वाकून त्यांनी इन्व्हर्टर बंद केला.

"मले नाई माहीत, माय," ते हळूच म्हणाले.

पुढच्या दोघा-तिघांनाच ते ऐकू आलं. मागचे टाचा उंचावून एकमेकांना विचारत होते, "कोनती म्हने? कोनती सांगतली?"