दगडूची मांती

पुण्याहून आलेल्या नणंदेला चार दिवसांत सगळी दुबई दाखवायची म्हणजे काय हाल होतात ते आम्हा अल मनखूलवाल्यांना विचारा. खाडी झाली, बुर्ज झाला, वाळवंट झालं, तरी रुपालीचं समाधान होईना. तिला टर्किश स्वयंपाकाचा क्लास हवा होता, कारण तिच्या भिशीतल्या कुणीतरी तो इस्तंबूलला केला होता. गेलो बापड्या.

शेफ मांती शिकवत होता. पिठाच्या इवल्या पारीत सारण भरायचं आणि कडा वर जुळवायच्या. आमच्या पाऱ्या फाटत होत्या. मागच्या ओट्यावरून पन्नाशीला टेकलेला एक मदतनीस आला आणि रुपालीच्या हातातली पारी घेऊन त्याने भराभर नऊ कळ्या पाडल्या.

शेफ लगेच म्हणाला, "ही आमच्या गावची, माझ्या आजीची पद्धत."

"आजीची कसली? अगं वहिनी, हा तर मोदक!" रुपाली मराठीत ओरडली.

तो माणूस दचकला, मग हळूच हसला. "मी देवरुखचा. दगडू. आईने शिकवलेत, ताई."

शेफ दुसऱ्या टेबलाकडे वळला आणि दगडू बोलत सुटला. अकरा वर्षांपूर्वी तो अजमानच्या लेबर कॅम्पात कांदे चिरायला आला, मग इथे भांडी घासायला. बघून बघून सगळं शिकला. आता पीठ तोच मळतो, सारणही त्याचंच. कळ्या पाहुण्यांना आवडल्या म्हणून राहिल्या, शेफच्या आजीच्या नावावर.

"मालक बोललाय, ईद के बाद तेरा अलग टेबल, हबीबी. पक्का कुक झालो की बायकोला बोलवायचं. सत्यभामा. तिने अजून विमानतळसुद्धा बघितलेलं नाही. बुर्ज दाखवायचाय तिला, इन्शाल्ला."

रुपाली हे सगळं मोबाइलवर घेत होती. त्याचं लक्ष गेलं. "ताई, कुठे टाकू नका हां. लोक इथे टर्किश म्हणून येतात."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

तरी संध्याकाळी रुपालीने व्हिडिओ टाकला, क्लासच्या नावासकट: 'टर्किश क्लासचा खरा गुरू आपला कोकणी माणूस!' आणि मी तिला आवरायचं सोडून तो इथल्या मराठी मंडळाच्या तिन्ही ग्रुपवर पाठवला. अभिमान दाटून आला होता ना! आपला माणूस परदेशात कुठे दिसला की आम्हाला असं भरतं येतं, आणि ते जगाला दाखवल्याशिवाय ओसरत नाही. त्या माणसाला ते हवंय का, हे विचारायची आमच्यात रीत नाही. इथे तर त्याने न विचारता सांगितलं होतं.

दोन दिवसांत लाखभर लोकांनी तो बघितला. तिसऱ्या दिवशी कुणा पाहुण्याने मालकाला विचारलं, आम्ही नक्की कुठला स्वयंपाक शिकलो? मालकाने दगडूला आत बोलावलं. खलास. व्हिसा कॅन्सल. रुपाली तोवर खजूर आणि फ्रिजवरची चुंबकं घेऊन पुण्याला पोचली होती.

मी क्लासला फोन करून गयावया केली, कुणी ऐकलं नाही. मग पत्ता मिळवून इंटरनॅशनल सिटीत गेले. एका खोलीत सहा पलंग, एक खुर्ची. दगडू बॅग भरत होता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्याने खुर्ची पुसून मला दिली आणि चहा टाकला.

"सत्यभामेने शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवला व्हिडिओ," तो म्हणाला. "तिला अजून सांगितलं नाही मी."

मला माझीच शिसारी आली. दुसरीकडे कुठे काम बघते, असलं काहीतरी मी पुटपुटले. त्यावर माझा स्वतःचाही विश्वास नव्हता. त्याने भिंतीवरच्या खिळ्याचा टॉवेल काढला, घडी करून बॅगेत ठेवला.

"तिचा पासपोर्ट मागच्याच आठवड्यात आला," चेन ओढता ओढता तो म्हणाला. "दहा वर्षं चालतो ना, ताई?"