दामूकाका खाली बघायचे

दामूकाका नाखवा खुर्चीत बसले की आधी बूट काढायचे. एसीची खोली, खाली गालिचा, समोर चार पडदे आणि हे गृहस्थ अनवाणी! बंदरातली क्रेन तिथून दोन किलोमीटरवर. ती आता पडद्यावर पाहून, खोलीतल्या दांड्यांनी चालवायची होती आणि ते शिकवायचं काम माझ्याकडे होतं. काकांनी तीस वर्षं तीच क्रेन वरच्या केबिनमध्ये बसून चालवलेली. माझं वय अठ्ठावीस. म्हणजे आजीला पोरीनं चूल फुंकायला शिकवावं, त्यातलाच प्रकार.

"पोरी, कंटेनर उचलला का आदी पायाला कलतं, मंग डोल्याला," ते म्हणायचे. गालिच्यावर तळपाय दाबून वाट बघायचे. हादरा काही यायचा नाही.

त्यांची दुसरी खोड खाली बघायची. केबिनला तळाशी काच असते. कंटेनर टेकवण्याआधी काका गुडघ्यांमधून वाकून त्या काचेतून बघायचे. "येकदा खाली मानूस डबा खात बसलेला. कंटेनर त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर थांबवला मी. तवापासून बगतंय." खोलीतही ते तसेच वाकायचे. मी ओरडायचे, "काका, पडद्यावर बघा!"

परीक्षाही मीच घ्यायची होती आणि तिच्या तीनच संधी होत्या. दोन हुकल्या. तिसरीही गेली तर क्रेन सुटणार आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं गोदामात काढायची. "क्रेन नाय त मंग मी कोन गं?" त्यांनी विचारलं होतं.

तिसऱ्या वेळी रिकामा कंटेनर त्यांनी सुरेख आणला. झोका थांबवला, हळूहळू खाली सोडला. मी मनात पास लिहून टाकलं होतं. शेवटच्या क्षणी ते वाकले. खाली गालिचा आणि स्वतःचे पाय. तिकडेच बघत राहिले. पडद्यावर कंटेनर शेजारच्या थप्पीवर आदळला.

"कोनाला लागलं?"

"कोणाला नाही, काका. आता तिथे कोणी नसतंच."

"तुला कसं म्हायती? तू व्हतीस खाली?"

मी नापास लिहिलं आणि सही केली. दोष कॅमेऱ्यावर ढकलता आला असता. पण प्रामाणिकपणाचा मला तेव्हा भारी तोरा होता.

गोदामात त्यांचं बोलणंच आटलं. ती दोन वर्षं संपल्यावर मी त्यांच्या गावी, मोऱ्याला, घरी गेले. काकू मला गॅलरीत घेऊन गेल्या. काका खुर्चीत, अनवाणी, गुडघ्यांमधून फरशीकडे बघत होते. मी हाक मारली. त्यांनी वर न बघता हात केला.

"थांब. खाली मानूस हाय."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मला तिथे उभं राहवेना. पुढच्या सहा महिन्यांत काका गेले.

अजून मी तेच शिकवते. कंटेनर टेकायला आला की माझी मान आपोआप खाली जाते. खाली गालिचा असतो आणि माझे बूट.