शालनक्कांनी शिकवलेली वाकळ

शालन मूळची बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीकडची. नवरा गेल्यावर लेकाच्या पाठोपाठ बंगळुरात आली आणि मारतहळ्ळीत, शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणाऱ्या एका केंद्रात आया म्हणून लागली. नाकं पुसायची, डबे भरवायचे, फरशी पुसायची. मुलं तिला अक्का म्हणत.

एका दुपारी केंद्राच्या मालकीण सौम्या मॅडमनी तिला जुन्या साडीचे तुकडे जोडून वाकळ, म्हणजे गोधडी, शिवताना पाहिलं. "अक्का, हे मुलांना शिकवा की," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. शालनला खरंच वाटेना. घरी सून तिच्या वाकळीला पोतेरं म्हणायची.

आठवड्यातून दोनदा शिकवणी सुरू झाली. आधी नुसते दोन चौकोन जोडायचे. मग चार जोडून गरम भांडं धरायचं फडकं. ते जमलं की बाहुलीची वाकळ. "टाका तांदळाएवढा. मुंगी चालल्यागत जायचं. दोरा लई वढू नको, कापड आक्रसतंय," ती सांगायची. पुण्याहून आलेल्या घरातली सात वर्षांची संहिता तर टाका वाकडा गेला की न सांगता उसवायची.

महिन्याभरात शिकवणीतल्या रणवीरच्या बोटाला सुई टोचली. रक्ताचा एक थेंब आला. त्यानं बोट चोखलं आणि फडकं पुरं केलं. पण संध्याकाळी त्याचे वडील तावातावानं आले.

"माफ करा, सर," सौम्या मॅडम हिंदीत म्हणाल्या, "ती साफसफाईची बाई आहे. आम्हाला न विचारता तिनं मुलांच्या हातात सुया दिल्या."

शालन दारातच उभी होती, रणवीरची पाण्याची बाटली हातात घेऊन. तिला हिंदी चांगलं समजत होतं. रणवीर फडकं दाखवायला वडिलांचा शर्ट ओढत होता. तिकडे कुणी पाहिलं नाही.

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, अक्का. पालकांसमोर असं बोलावं लागतं. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा."

"सरी," बरं, एवढंच शालन कन्नडमध्ये म्हणाली. काम सोडलं तर दिवसभर सुनेच्या तोंडासमोर बसावं लागलं असतं. 

पुढच्या आठवड्यात एक तरुण टीचर आली. सुया गेल्या, गोंद आला. मुलं चौकोन चिकटवू लागली. भिंतीवर शिकवणीचे फोटो लागले. त्यातल्या एकात शालनचे हात होते, मनगटापर्यंतच. चिकटवलेले तुकडे दोन दिवसांत सुटत, आणि ते झाडून काढायचं काम शालनकडे आलं.

एके दिवशी संहिता स्वयंपाकघरात आली. दप्तरातून तिनं अर्धी शिवलेली बाहुलीची वाकळ काढली. सुई तिनं घरून आणली होती.

"अक्का, टीचरला शेवटची गाठ मारता येत नाही. तू मार ना."

शालनचा हात पुढे झाला. तेवढ्यात बाहेरून मॅडमचा आवाज आला आणि तिनं हात पदराला पुसत मागे घेतला.

"मला न्हाई येत, बाळा."

"पण तूच तर शिकवलंस!"

"म्या न्हाई. जा, टीचरला इचार."

 पोरीनं सुई कापडात नीट खोचली, वाकळ दप्तरात ठेवली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती शालनजवळ डबा खायलाही बसली नाही.