दुसरी किल्ली

दूध उतू जाऊ नये म्हणून सून गॅसपाशी उभी होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक करणारा माणूस त्या इमारतीत एकच, तळमजल्यावरचे कुलूपवाले काका.

"ये रे बाबा," सासूबाई आतून म्हणाल्या. "सकाळी सकाळी कुणाचं दार अडलं?"

"माझंच, मावशी."

काका आत आले, पण बसले नाहीत. किल्ली हरवून रडकुंडीला आलेल्या माणसाला ते सांगायचे, "कुलूप म्हणजे हट्टी पोर. दम द्यायचा नाही, गोंजारायचं." काकू गेल्या आणि काकांच्या हातातलं बळच गेलं. मोबाइलमध्ये काकूंचा एक निरोप उरला होता: "येताना ब्रेड आणा. विसरलात तर घरी येऊ नका." दिवसभर तो ऐकत बसायचे, गिऱ्हाईक ताटकळायचं. चर्चमध्येसुद्धा मोबाइल कानाशी. उपवासकाळ लागला तेव्हा त्यांनीच ठरवलं, लोक मांस सोडतात, आपण हे सोडायचं. ईस्टरपर्यंत चित्त देवापाशी. मोबाइल बंद करून पत्र्याच्या डब्यात घातला, स्वतः घडवलेलं कुलूप लावलं आणि डबा किल्लीसकट सुनेच्या कपाटात ठेवला.

आज सतरावा दिवस. काकांनी मूठ उघडली. तळव्यावर नवीकोरी किल्ली होती, दातांत अजून लोखंडाचा चुरा.

"त्याच कुलपाची," ते म्हणाले. "काल दुपारी दुकानात प्रार्थना म्हणत होतो. तोंडात देवाचं नाव आणि हातात कानस. प्रार्थना संपली तेव्हा ही तयार."

"अहो, पण नमुन्याची किल्ली माझ्याकडे आहे ना?"

"कुलूप मी केलंय, सूनबाई. दात पाठ आहेत."



"मग एकदा ऐका की," सून म्हणाली. "देव काही एवढा कोत्या मनाचा नाही."

"देवाचं नाही गं, माझंच मन कच्चं. एकदा म्हणता म्हणता शंभरदा होईल." त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली. "पण आज उठल्यावर आठवून पाहिलं. शब्द आठवले, आवाज आठवेना."

दूध उतू गेलं. सुनेने न बघताच गॅस बंद केला.

"डबा आणू का, काका?"

"मी खाली गेलो की उघड आणि तूच ऐक. मला ऐकवू नकोस. दुकानावरून जाशील तेव्हा एवढंच सांग, तिचा आवाज आहे म्हणून."