कणकेची आघाडी

डिम्फना लाउरेयसेनची भट्टी हॉलंडमध्ये होती आणि दुकान बेल्जियममध्ये. मधे भिंत नव्हती. फरशीत बसवलेली एक पितळी पट्टी होती, ती पिठाखाली बहुतेक वेळा दिसतही नसे. पहाटे डिम्फना हॉलंडमध्ये पाव भाजायची, टोपली उचलून बेल्जियममध्ये यायची आणि विकायची. गल्ल्याला दोन कप्पे होते, एक फ्रँकचा आणि एक गिल्डरचा.

बार्ल गावात याचे कोणाला नवल नव्हते. कुण्या काळी एका ड्यूकने आणि एका सरदाराने जमिनी अशा वाटून घेतल्या होत्या की बेल्जियमचे तुकडे हॉलंडच्या पोटात गोधडीच्या ठिगळांसारखे पडले होते. घराचा पुढचा दरवाजा ज्या देशात उघडेल त्या देशाचे ते घर, एवढे मानले की भांडायला फारसे काही उरत नसे. डिम्फनाचा दरवाजा बेल्जियममध्ये उघडत होता.

युद्ध सुरू झाले तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. आई गेलेली, वडील याक गुडघ्यांनी अधू. ते दिवसभर गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांच्या तब्येतीची चौकशी करत. डिम्फनाने दोन स्थळे नाकारली होती. एकाला पहाटे उठवत नव्हते आणि दुसऱ्याला तिचे पहाटे उठणे खपत नव्हते.

युद्ध का पेटले हे तिला समोरच्या गुस्त शिंप्याने समजावले. गुस्त वर्तमानपत्र आधी वाचायचा आणि मग दुकान उघडायचा.

"साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला एका सर्ब पोराने गोळी घातली," गुस्त म्हणाला. "ऑस्ट्रिया सर्बियावर धावून गेला. सर्बियाच्या पाठीशी रशिया. ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी. रशियाच्या पाठीशी फ्रान्स."

"सगळेच पाठीशी उभे, तर पुढे कोण आहे गुस्तकाका?"

"आपण. जर्मनांना पॅरिसला जायचंय. सरळ वाटेवर फ्रेंचांचे किल्ले आहेत, म्हणून ते बेल्जियममधून जाणार. बेल्जियमला हात लावायचा नाही अशी सही सगळ्यांनी करून ठेवली होती. जर्मनांच्या वाडवडिलांनी पण, इंग्रजांनी पण. म्हणून आता इंग्रजही उतरले."

"म्हणजे भांडण त्यांचं, आणि वाट आमच्या अंगणातून."

"आपल्या गावात वाट हवी असली तर माणूस आधी दार वाजवतो," याक खुर्चीतून म्हणाले.

"वाजवलं की त्यांनी. राजा नाही म्हणाला."

"मग?"

"मग दार मोडलं."

ऑक्टोबरात अँटवर्प पडले आणि दक्षिणेच्या रस्त्याने माणसांचा लोंढा आला. गाद्या, कोंबड्या, शिलाई यंत्रे, म्हाताऱ्यांना बसवलेल्या हातगाड्या. डिम्फनाची भट्टी त्या दिवसांत थंड झाली नाही. गल्ल्याचा कोणताच कप्पा तिने उघडला नाही.

जर्मन सैन्य मात्र बार्लच्या बेल्जियममध्ये येऊ शकले नाही. तिथे पोचायला हॉलंड तुडवावे लागले असते, आणि हॉलंड तटस्थ होता. असे करता करता सगळ्या बेल्जियममध्ये मोकळ्या जागा दोनच उरल्या. दूर पश्चिमेला आयझर नदीमागची पट्टी, जिथे बेल्जियन सैन्याने समुद्राचे पाणी शेतांत सोडून जर्मनांना अडवले होते, आणि ही गावातली ठिगळे. टपाल कचेरीत राजाचे तिकीट मिळे, चर्चवर झेंडा फडके. गुस्त म्हणायचा, "आपण आता राजधानीच की. रस्ता तेवढा नीट करायला पाहिजे."

पुढच्या वर्षी डच सैन्याने ठिगळांभोवती तारेचे कुंपण घातले. इथून माल चोरून जर्मनांच्या मुलखात जाऊ नये, अशी त्यांची चिंता. डिम्फनाच्या घरातून कुंपण नेता येईना, म्हणून त्यांनी भट्टीजवळ एक माणूस बसवला.

त्याचे नाव ग्राडस औडे एखबेरिंक. पूर्व हॉलंडमधल्या ट्वेंटेचा, मागावर विणकाम करणारा, लष्करात कॉर्पोरल. देह कपाटासारखा आणि बोलणे इतके संथ की वाक्य संपेपर्यंत याकना डुलकी लागे. पितळी पट्टीवरून किती पाव पलीकडे जातात ते मोजायचे, एवढे त्याचे काम.

"मोजा," पहिल्या दिवशी डिम्फना म्हणाली. "पण उभं राहायचं ते भट्टीच्या तोंडापासून लांब. आणि बूट पुसून."

"मी हॉलंडमध्ये उभा आहे," ग्राडस सावकाश म्हणाला.

"हॉलंड मी रोज झाडते."

त्याने बूट पुसले.

महिनाभरात तो मळू लागला. माग चालवणाऱ्या हाताला कणीक लवकर कळते. पाव भट्टीत गेले की उरलेल्या कणकेची तो एक लांब वळी करायचा आणि पिठाच्या फळीवर मांडायचा. एक टोक समुद्राशी, दुसरे स्वित्झर्लंडशी. गुस्तने वाचून दाखवलेल्या बातमीप्रमाणे ती वळी तो बोटाने कुठे जराशी इकडे सारायचा, कुठे तिकडे. ही आघाडी. पलीकडे जर्मन, अलीकडे फ्रेंच, इंग्रज आणि समुद्राशी चिकटलेले थोडे बेल्जियन. मग तो ती वळी भट्टीत टाकायचा आणि चिकोरीच्या कॉफीत बुडवून खायचा.

"कॉर्पोरल, आज काय हललं?" याक विचारायचे.

"आज... काही नाही."

"मग एवढी माणसं कशाला मेली?"

ग्राडस वळीचे टोक सरळ करायचा. याचे उत्तर वर्तमानपत्रातही नसे. व्हर्दांची लढाई महिनोन् महिने चालली, सोम नदीच्या काठी तोफांनी रान उठवले, आणि फळीवरची वळी नखभर सरकली. ती नखभर सरकवताना ग्राडस टोपी काढून ठेवायचा. डिम्फनाने ते पाहिले होते. बहुधा त्याच उन्हाळ्यात तो माणूस तिच्या मनात बसला, पण ती बोलली नाही.

बोलला तोच, जत्रेच्या दिवशी, हातात पावांची पाटी धरून. "डिम्फनाबाई, माझ्याशी लग्न कराल का," एवढेच वाक्य, पण त्याच्या चालीने ते संपेपर्यंत भट्टीतला पाव लाल झाला.

तिने आधी पाव काढले. मग हात पुसले.

"कॉर्पोरल, लग्न केलं की कायद्याने मी डच होणार."

"हो."

"बेल्जियम उरलाय केवढा? आयझरमागची पट्टी आणि आमचं गाव. त्यातून आणखी एक बाई मी कमी करू?"

ग्राडसने विचार केला. "मग कधी?"

"ज्या शनिवारी मी कुणाला न विचारता टर्नहाउटच्या बाजाराला जाऊन येईन, त्या दिवशी."

टर्नहाउट दक्षिणेला, चालत अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मधे जर्मनांनी वीज सोडलेली तार ताणली होती. कुत्री मरत, माणसेही मरत.

ग्राडस फळीकडे वळला, वळी बोटाने चाचपली आणि म्हणाला, "म्हणजे ही हलली पाहिजे."

त्या दिवसापासून अख्ख्या तटस्थ हॉलंडमध्ये युद्धाच्या निकालाची एवढी घाई असलेला शिपाई दुसरा नसेल. गुस्तला तर विषयच मिळाला. रशियात राज्य उलथले तेव्हा तो दारातूनच ओरडला, "जावईबापू, तिकडची आघाडी बंद पडतेय, लग्न लांबलं!" अमेरिका उतरल्यावर म्हणाला, "आता तुमचा मुहूर्त वॉशिंग्टनहून निघणार. सूट शिवायला टाका."

"कापड आहे का?" ग्राडसने विचारले.

"कापड कुठलं? मापं घेऊन ठेवतो."

सतरा साल सरता सरता पिठात बटाटा आला आणि पाव सरकारी चिठ्ठीवर मोजून मिळू लागला. ग्राडसने आघाडीची वळी बारीक केली, मग सुतळीएवढी केली.  डिम्फना त्याच्या कॉफीत स्वतःच्या वाट्याचे दूध घालू लागली.

मग अठरा सालचा वसंत आला. पूर्वेकडून मोकळे झालेले जर्मन सैन्य पश्चिमेला आले आणि इतकी वर्षे न हललेली वळी हलली, पण नको त्या बाजूला. तिला पॅरिसच्या दिशेने पोट सुटले. गुस्तने वर्तमानपत्र घडी घालून खिशात ठेवले. थट्टा करायला तोही आला नव्हता. त्याच सकाळी ग्राडसच्या तुकडीला समुद्रकाठी झीलंडला हलवण्याचा हुकूम आला.

डिम्फना पट्टी ओलांडून भट्टीपाशी आली. "बाजार राहू दे," ती म्हणाली. "जायच्या आधी फादरना बोलावू. करून टाकू."

त्याने नकारार्थी मान हलवली. 

"का? मन बदललं?"

"नाही." त्याने हातातली कणीक खाली ठेवली.  "तुम्ही हरलात म्हणून मला मिळालात, असं नको. जन्मभर पाव गोड लागायचा नाही."

"आणि वळी हललीच नाही तर?"

"तर म्हातारपणी येईन. तुम्ही भट्टी पेटती ठेवा."

तो गेल्यावर याक म्हणाले, "पोरी, असा जावई हातचा जाऊ देशील तर मी डच होईन."

त्यानंतर आघाडी डिम्फनाने मांडली. उन्हाळ्याच्या शेवटी ती उलटी सरकायला लागली. आधी पोट आत गेले. मग वळी रोज आखडू लागली आणि तिला रोज थोडी कमी कणीक पुरू लागली. ऑक्टोबरात ब्रुग शहर जर्मनांच्या हातून सुटले. गुस्त रोज दोनदा येऊ लागला, एकदा बातमी सांगायला आणि एकदा तीच बातमी पुन्हा सांगायला. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी बेल्जियन चर्चची घंटा वाजली, पाठोपाठ डच चर्चची वाजली, आणि एरवी एकमेकांच्या वेळेवर नाक मुरडणाऱ्या त्या दोन घंटा संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत. याक गुडघे विसरून नाचले आणि पुढचा आठवडा खुर्चीत शेकत बसले. डिम्फनाने त्या दिवशी आघाडी मांडली नाही. मांडायला काही उरले नव्हते.

विजेची तार मेली. जर्मन परत गेले. महिनाअखेरच्या शनिवारी डिम्फनाने आईची शाल घेतली, टोपली घेतली आणि दुकानाला कुलूप लावून ती चालू लागली. कुणाला विचारले नाही. वडिलांनाही नाही.

त्याच दुपारी ग्राडस आला. लष्कराने त्याला मोकळे केले होते. सायकलला रबर मिळत नव्हते, म्हणून त्याने चाकांना दोरखंड गुंडाळला होता, आणि तो झीलंडपासून खडखडत आला होता. दुकानाला कुलूप बघून त्याचा चेहरा उतरला. याक खिडकीतून बघत होते.

"कुठे गेल्या?"

"बाजाराला," याक म्हणाले.

"कुठल्या बाजाराला?"

"शनिवारी माणूस कुठल्या बाजाराला जातो? टर्नहाउटला."

ग्राडस ज्या वेगाने सायकलवर बसला तो वेग गावाने त्याच्यात कधी पाहिला नव्हता. गुस्त कात्री घेऊन दारात आला, तोवर तो वळणापलीकडे गेला होता.

ती त्याला परतीच्या वाटेवर भेटली, डोक्यावर शाल, हातात टोपली. तो उतरला. धापेने बोलता येईना. तसा तो एरवीही पटकन बोलत नसे.

"श्वास घे, ग्राडस," ती म्हणाली. कॉर्पोरल नाही, तुम्ही नाही. त्याच्या ते ध्यानात आले.

"काय... काय आणलंस?"

तिने टोपली दाखवली. आत एक कोबी होता. "बाजारात दुसरं काही नव्हतंच. जर्मनांनी तो तरी ठेवला हेच नवल. पण आणला."

तो कोबी ग्राडसने हातात घेतला, फिरवून पाहिला. "चांगला आहे," तो म्हणाला.

"आता राहायचं कुठे ते बोल."

"ट्वेंटेत माझ्या भावाच्या..."

"नाही. मी डच होणार ना? मग तू माझ्या घरी राहायचं. दरवाजा बेल्जियममध्ये उघडतो. एक बाई गेली, एक बाप्या आला. बेल्जियमचं नुकसान नाही."

ग्राडस सायकल ढकलत विचार करू लागला. वळणापर्यंत विचार झाला. "बूट पुसावे लागतील?"

"रोज."

ईस्टर झाल्यावर लग्न झाले. गुस्तने घेऊन ठेवलेल्या मापांचा सूट ग्राडसला सैल झाला, कारण दरम्यान बटाट्याचा पाव खाऊन कपाटाचे कपाटपण कमी झाले होते. "मापं बरोबर होती," गुस्त ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "माणूस चुकला."

जेवणाची मेजे जोडून पट्टीच्या आरपार लावली. ट्वेंटेची मंडळी हॉलंडमध्ये बसली, बार्लची बेल्जियममध्ये. त्यावर डिम्फनाने आदल्या दिवशी भाजलेली एकच वस्तू मांडली, मनुका, लोणी आणि अंडी घातलेली पावाची एक लांब वळी. भट्टीत अख्खी मावेना म्हणून तुकड्यांनी भाजून जोडलेली. एका टोकाशी समुद्र, दुसऱ्या टोकाशी स्वित्झर्लंड.

"सगळी संपवायची," ती म्हणाली. "उद्याला उरता कामा नये."

गुस्तने व्हर्दां मागितले, कारण तिथे मनुका जास्त दिसत होत्या. ट्वेंटेच्या भावाला सोम मिळाले. याकनी आयझर घेतले. "मऊ आहे," ते म्हणाले, "माझ्या दाताला झेपेल." आयझरवर लढून आलेले दोघे गावकरी मेजाशी होते. त्यांनी आपला तुकडा आधी हातात धरला, एकमेकांकडे पाहिले आणि मग हसत खाल्ला. स्वित्झर्लंडकडचे कडक टोक नवऱ्याकडे आले. त्याने ते सावकाश, शेवटच्या कणापर्यंत संपवले. मेजे रिकामी झाल्यावर डिम्फनाने ती ओल्या फडक्याने पुसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने टोपली उचलली आणि दुकानाकडे निघाली. मागून येणारा ग्राडस पितळी पट्टीपाशी थांबला.

"काय झालं?"

"पाव," तो म्हणाला. "मोजायचे राहिले."

"त्यातला एक खा," डिम्फना पलीकडून म्हणाली, "आणि ये आत."